हाताने लावलेला टेन्शनर

गिऱ्हाइकाच्या तोंडी टेन्शन हा शब्द आला की त्याला ते नको असतं. आमच्या कामात मात्र ते लागतं आणि अगदी बेताचंच लागतं. कमी पडलं तर इंजिन जातं, जास्त झालं तर पट्टा आणि बेअरिंग जातात. सगळा जन्म मी लोकांच्या गाड्यांमध्ये ते बेताचं टेन्शन बसवत आलो. दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल काही लिहा असा निरोप आला, तेव्हा कितीतरी गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या. एक वकीलसाहेब होते, ते गाडी न आणता फोनवर तिचा आवाज ऐकवायचे आणि निदान विचारायचे. एका बाईंना गाडी धुतल्यावर ती जास्त चांगली पळते असं ठामपणे वाटायचं. पण लिहायला बसलो आणि आठवली ती पटवर्धन बहिणींचीच गाडी.

माझं गॅरेज भोपाळला हबीबगंज स्टेशनाच्या नाक्याजवळ, रेल्वे लाइनीच्या अलीकडे होतं. आता त्या स्टेशनाला नवं नाव आहे, काचा आहेत, सरकते जिने आहेत. तेव्हा प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्याची हाक माझ्या बाकापर्यंत ऐकू यायची. वडील नागपूरचे. राजधानी भोपाळला आली तेव्हा सरकारी कचेरीच्या फायलींबरोबर तेही आले. मी इथलाच. घरी मराठी, दुकानात हिंदी आणि रागावलो की दोन्ही. पुण्याचे पाहुणे माझ्या मराठीला हसतात, मी त्यांच्या गाडीतली खडखड मोफत बंद करून देतो, हिशेब फिटतो.

वत्सलाताई आणि नलिनीताई साकेत नगरात राहायच्या, अजूनही राहतात. थोरल्या वत्सलाताई सचिवालयात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. धाकट्या नलिनीताई शाळेत गणित शिकवायच्या. दोघींनी लग्न केलं नाही. घर दोघींनी मिळून बांधलं, गाडीही मिळून घेतली. परदेशी बनावटीची डिझेल गाडी होती ती, उंच बैठकीची. वत्सलाताईंचा खुबा आधीपासूनच दुखरा होता, खाली वाकून बसणं त्यांना जमायचं नाही, म्हणून ही गाडी. चालवायच्या नेहमी नलिनीताई. वत्सलाताई मागे बसायच्या.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा मला वाटलं, थोरल्या बाईंना कमी ऐकू येत असावं. कारण नलिनीताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना विचारा, मागची काच वर जातेय का." वत्सलाताई हातभर अंतरावर बसलेल्या. मी विचारलं. वत्सलाताई मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, अर्धीच जाते." ऐकू अगदी छान येत होतं. बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. घरी कामवाल्या बाईमार्फत बोलायच्या, गॅरेजमध्ये माझ्यामार्फत. एका छताखाली, एका स्वयंपाकघरात, वर्षानुवर्षं.

कारण मला हळूहळू कळलं. त्यांची आई नागपूरला धाकट्या भावाकडे, भास्कररावांकडे होती. ती शेवटच्या आजारात असताना नलिनीताई तिकडे होत्या. इथे वत्सलाताईंचं नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालेलं. भावाने आणि धाकटीने ठरवलं की ताईला आत्ता काही सांगायचं नाही. सांगितलं तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर वत्सलाताईंनी भावाशी आणि बहिणीशी बोलणं सोडलं. भावाचं घर लांब होतं, त्यामुळे तो अबोला कुणाला दिसला नाही. बहिणीशी धरलेला मात्र रोज सकाळी चहाच्या टेबलावर येऊन बसायचा.

मग एका हिवाळ्यात ती गाडी सकाळी सुरू करताना खडखडायला लागली. थोडा वेळ कट्कट् व्हायची, मग शांत. मी बोनेट उघडलं, पुढचं झाकण काढलं आणि कारण समोरच दिसलं.

इथे बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. इंजिनात खाली एक दांडा असतो, तो पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरतो. वर दुसरा दांडा असतो, तो व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या झडपा, उघडतो आणि मिटू देतो. दोघांनी एकमेकांच्या तालात फिरायचं असतं. व्हॉल्व्ह खाली उतरलेला असताना पिस्टन वर आला तर दोघांची टक्कर होते, आणि मग इंजिनाची फक्त मोड उरते. हा ताल राखतो एक दातेरी रबरी पट्टा, टायमिंग बेल्ट. आणि पट्ट्याला ताणून धरते एक चाकी, तिचं नाव टेन्शनर. या गाडीचा टेन्शनर आपोआप चालणारा होता. त्याच्या पोटात तेल आणि स्प्रिंग. पट्टा जरा सैलावला की तो स्वतःच पुढे सरकून दाबायचा. त्याचंच तेल गळून गेलं होतं. सकाळी थंड इंजिनावर तो लुळा पडायचा आणि पट्टा झाकणावर आपटायचा.

नवा टेन्शनर टाकायचा एवढंच काम. पण ती गाडी बनवणाऱ्या कंपनीने भारतातला धंदा आवरून बराच काळ झाला होता. मी इंदूरला विचारलं, दिल्लीला विचारलं. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे जो मिळाला, तो आमच्यापेक्षा जास्त गळत होता.

नलिनीताईंना मी दोन रस्ते सांगितले. गाडी काढून टाका, किंवा मी हाताने लावायचा टेन्शनर बसवतो. तो साधा असतो. चाकीचं भोक मध्यावर नसून थोडं कडेला असतं. चाकी फिरवली की ती पट्ट्याला दाबते, हवा तेवढा ताण आला की नट आवळायचा. तेल नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला आत काही नाही. पण तो स्वतःहून काही करत नाही. पट्टा सैलावला तर त्याला पत्ता नसतो. अधूनमधून कुणीतरी झाकण उघडून बघायलाच हवं, आणि नव्या पट्ट्याला तर पहिल्या धावेनंतर लगेच.

त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा." मी मागच्या काचेशी वाकून सगळं पुन्हा सांगितलं. वत्सलाताई म्हणाल्या, "बघायला तुम्ही आहात ना?" मी हो म्हणालो. "मग लावा," त्या म्हणाल्या.

त्याच कंपनीच्या जुन्या इंजिनाची चाकी मला मिळाली, पण ती या इंजिनावर थेट बसेना. शेजारी रशीदभाईंचं लेथ होतं, लोखंड कातायचं यंत्र. माझ्यापेक्षा मोठे, बोलायला तिखट, हाताला सोनं. मी त्यांना दोन्ही भाग दाखवून मधली पोलादी प्लेट करून मागितली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भाग उलटसुलट केले आणि विचारलं, "मियां, पुर्ज़ा तो बना दूँगा. पर इसको देखता कौन रहेगा?" मी म्हणालो, मी. त्यांनी प्लेट अशी केली की ती जागेवर बसताना टक् असा एकच आवाज आला. असा आवाज आला की मेकॅनिकला त्या दिवशी जेवण गोड लागतं.

नवा पट्टा घातला, दोन्ही दांड्यांच्या चाकांवरच्या तालाच्या खुणा जुळवल्या. ताण बघायची जुनी रीत अशी: दोन चाकांमधला पट्ट्याचा सगळ्यात लांब भाग अंगठा आणि बोटात धरायचा आणि पिळायचा. पाव फेरा वळला आणि तिथेच अडला की बरोबर. पुढे वळला तर सैल, अलीकडे अडला तर घट्ट. हे इंजिन थंड असतानाच करायचं, कारण गरम झालं की धातू फुगतो आणि पट्टा ताणल्यासारखा वाटतो. गरम असताना बेतलेला ताण इंजिन निवल्यावर कमी पडतो. मग पान्याने इंजिन हाताने पुरं फिरवायचं आणि खुणा परत जागेवर येतात का ते बघायचं. आल्या. गाडी सुरू केली. खडखड गेली होती. मी सांगितलं, आठवडाभर शहरातच फिरवा, मग आणा.

आठवडा काही उलटला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नलिनीताई सकाळी गॅरेजमध्ये आल्या. भास्कररावांच्या मुलीचा फोन आला होता. बाबा फार आजारी आहेत, दोन्ही आत्यांची आठवण काढतात. उद्याच निघायचं होतं. मी म्हणालो, रेल्वेने जा. वत्सलाताईंना डब्याच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. मी म्हणालो, टॅक्सी करा. नलिनीताई म्हणाल्या, "परक्या गाडीत त्या बसणार नाहीत." मग मी साकेत नगरात जाऊन वत्सलाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "परक्या गाडीत मी बसणार नाही." बोलत नसल्या तरी एकमेकींना पूर्ण ओळखून होत्या.

मी म्हणालो, मग मी सोबत येतो. पाने घेतले, टॉर्च घेतला आणि सकाळी निघालो. नलिनीताई गाडी चालवत होत्या, मी त्यांच्या शेजारी, वत्सलाताई मागे. नर्मदेचा पूल गेला, इटारसी गेली. दोघींतला निरोप्या म्हणून मी कामाला होतोच. त्यांना विचारा खिडकी लावू का. त्यांना सांगा नको. बाकी गाडीत शांतता. इंजिनही शांत होतं, आणि खरं सांगायचं तर मी रस्ता कमी बघत होतो, इंजिन जास्त ऐकत होतो.

बैतूलच्या अलीकडे घाट लागतो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, वळणं आणि ट्रकांची रांग. घाट चढून उतारावर लागलो आणि मला ते ऐकू आलं. पुढच्या बाजूने, झाकणाच्या आतून, फट्फट्. नवा पट्टा बसत असताना थोडा सैलावतो. आपोआप चालणाऱ्या टेन्शनरने तो ढिलेपणा स्वतःच भरून काढला असता. हा हाताचा. हा जिथे होता तिथेच उभा होता.

मी म्हणालो, "नलिनीताई, गाडी बाजूला घ्या."

त्यांनी वेग कमी केला, पण थांबल्या नाहीत. मी समजावलं. पट्टा सैल पडलाय, एक दात जरी घसरला तरी इंजिन जागेवर संपेल. ताण बेतायला इंजिन पूर्ण निवायला हवं, म्हणजे काही तास लागतील. काही तास म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "नागपूरपर्यंत जाईल. हळू चालवते. एकदा माझ्यामुळे उशीर झाला, आता परत नाही करायचा."

ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं हे मलाही कळलं. फट्फट् चालू होतं.

मागून आवाज आला, "नली, थांबव गाडी."

इतक्या वर्षांनी मध्ये कुणी निरोप्या नव्हता. नलिनीताईंनी आरशात बघितलं. वत्सलाताई पुढे म्हणाल्या, "उशीर झाला तर होऊ दे. पोचायला हवं."

गाडी थांबली.

वळणापुढे एक ढाबा होता. गाडी अगदी सावकाश तिथपर्यंत नेली, बोनेट उघडं टाकलं. खुणा बघितल्या, पट्टा घसरला नव्हता. मग बसून राहण्याशिवाय काम नव्हतं. ढाबेवाल्याने विचारलं, पानी डाल दूँ क्या, जल्दी ठंडा हो जाएगा. मी नको म्हणालो. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणं म्हणजे तापलेल्या तव्यावर ओतणं, तडे जातात. घाई करता येत नाही, त्याचं ते निवतं तेव्हाच निवतं. फोनला तिथे रेंज नव्हती. भास्करराव कसे आहेत हे कळायला मार्ग नव्हता. नलिनीताई फोन हातात धरून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या.

वत्सलाताई खाटेवर बसल्या होत्या. ढाब्यासमोर एक बाई टोपलीत संत्री घेऊन बसली होती, तिच्याकडून त्यांनी घेतली. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, साल काही निघेना. नखाने टोकरत राहिल्या. नलिनीताई चालता चालता थांबल्या, बघत राहिल्या. मग आल्या, ताईच्या हातातून संत्रं काढून घेतलं आणि खाटेच्या कडेला बसून सोलायला लागल्या. पांढऱ्या शिरा काढल्या, बिया काढल्या, फोड पुढे केली.

मी बोनेटमध्ये तोंड घालून होतो. करण्यासारखं काही नव्हतं, पण तिथून दूर जावं तर त्यांच्यासमोरूनच जावं लागलं असतं. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

वत्सलाताईंनी विचारलं, "आईला शेवटी कोण द्यायचं सोलून?"

"मीच."

"खायची?"

"एखादी फोड. तुझं विचारायची. येतेय ना ती, म्हणायची. मी म्हणायचे, येतेय."

एक ट्रक खाली उतरून गेला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझे टाके ओले होते, ताई. डॉक्टरांनी हलायला मनाई केली होती. मला भीती वाटली, दोघीही जाल."

"मला विचारायचं होतंस. आडवी पडून आले असते मी."

"हो," नलिनीताई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. वत्सलाताईंनी फोड तोंडात टाकली आणि हात पुढे केला. नलिनीताईंनी दुसरी दिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा मी इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. नट सैल केला, चाकी फिरवली, पट्टा पिळून बघितला. पाव फेरा, आणि अडला. नट आवळला, इंजिन हाताने फिरवलं, खुणा जुळल्या. निघालो. मुलताईच्या पुढे रेंज आली आणि भाचीला फोन लागला. बाबा जागे आहेत, ती म्हणाली. वाट बघतायत.

नागपूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. भास्करराव पलंगावर उशीला टेकून होते, अगदी कृश झालेले. दोघींना एकत्र दारात बघून ते काही क्षण बघतच राहिले. मग बारीक आवाजात विचारलं, गाडी कुणी चालवली? नलीने, वत्सलाताई म्हणाल्या. "आणि तू मागे बसून सूचना दिल्यास," ते म्हणाले. वत्सलाताई हसल्या. म्हणाल्या, "एकच दिली." मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी मी रेल्वेने परत आलो. बहिणी तिथेच राहिल्या. भास्करराव होळीपर्यंत होते. शेवटी तिघंही एका खोलीत होते असं नलिनीताईंनी नंतर सांगितलं. त्या दोघी भोपाळला परतल्या तेव्हा गाडी थेट गॅरेजवरच आली, पट्टा दाखवायला. वत्सलाताई पुढे बसल्या होत्या. मागच्या सीटवर संत्र्यांची करंडी होती, अर्धी माझ्यासाठी आणि अर्धी रशीदभाईंसाठी.

पुढची कितीतरी वर्षं ती गाडी पट्टा बघायला येत राहिली. त्या यायच्या, मी झाकण काढायचो, रशीदभाई आपली प्लेट बघायला लेथ सोडून यायचे. चहा व्हायचा. दोघी आता एकमेकींशी इतक्या बोलायच्या, वाद घालायच्या, की मध्ये माझा शब्द शिरायचा नाही. कधी कधी मला ते जुने निरोप पोचवण्याचे दिवस बरे वाटायचे, निदान गॅरेजमध्ये शांतता असायची.

मग एकेक गोष्ट आटपत गेली. रशीदभाई गेले. त्यांचं लेथ मुलाने विकलं. ते टेम्पोत चढवताना मी बघायला गेलो नाही. माझा उजवा खांदा धरला, नट आवळताना हात थरथरायला लागला आणि मी गॅरेज बंद केलं. आजूबाजूची नवी मुलं हुशार आहेत. गाडीला यंत्र जोडतात, पडद्यावर चूक वाचतात. पण हाताच्या टेन्शनरला वायर नाही, पडद्यावर तो दिसत नाही. मी एक-दोघांना समजावून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसून सांगितलं, अंकल, अब कौन करता है ये. मला वाईट वाटलं. हात शिकलेला असतो आणि तो कुणाला देता येत नाही, ही या धंद्यातली खंत मला तरी आहे.

पटवर्धनांच्या गाडीचं काय, हा प्रश्न होताच. मी म्हणालो, आता विका. नलिनीताई म्हणाल्या, मला शिकवा. त्या तेव्हा पंचाहत्तरीला आल्या होत्या. मी त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि शिकवलं. गणिताची बाई, तिने पाव फेरा म्हणजे किती अंश हे आधी विचारून घेतलं. पण बोटांना अंश कळत नाहीत, त्यांना अडणं कळतं. ते यायला वेळ लागला. कधी जास्त पिळायच्या, कधी धीर व्हायचा नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, या जरा. गेलो. बोनेट उघडं होतं, झाकण काढून वर्तमानपत्रावर ठेवलेलं, बोल्ट ओळीने मांडलेले. वत्सलाताई खुर्चीत बसून टॉर्च धरत होत्या, उजेड भलतीकडेच पडत होता आणि "नली, घट्ट झालाय, मला इथून दिसतंय" असं सांगत होत्या. नलिनीताईंनी नट आवळला, हात पुसले आणि बाजूला झाल्या. मला म्हणाल्या, "बघा."

मी पट्टा धरला आणि पिळला. पाव फेरा वळला, अडला. परत बघितला. तसाच. पाना लावायची गरजच नव्हती.

मी तसं सांगितलं. नलिनीताई झाकण उचलून बसवायला लागल्या. वत्सलाताईंनी टॉर्च विझवला.

"मग तुम्ही बसा, मनोहरभाऊ," त्या म्हणाल्या. "चहा होईपर्यंत ती बोल्ट लावते."

मी बसलो. त्या गाडीजवळ रिकाम्या हातांनी मी पहिल्यांदाच बसलो होतो.